चीक आणणाऱ्या माश्या

फार पूर्वी एका जांभळीच्या ढोलीत मधमाश्यांचं भरलेलं पोळं होतं. त्यातल्या काही माश्या मध न आणता झाडांचा औषधी चीक आणून भिंतींना लिंपत. त्यामुळे रोग आत शिरत नसे.

“यांना फुकट कशाला पोसायचं?” म्हणत कारभारीण माशीने त्यांनाही मधावर धाडलं. त्या हंगामात मध खूप साठला. कारभारणीचं कौतुक झालं.

पावसाळ्यात ओल धरली आणि पिल्लं सडू लागली. निम्म्या माश्या आजारी पडल्या, उरलेल्या त्यांच्या उशाशी बसल्या. श्रावणात रानभर फुलं आली आणि तशीच गळून गेली.

“आजी, चीक आणा हो! हवा तेवढा मध घ्या,” कारभारीण रडत म्हणाली.

“आणला असता गं,” लिंपणारी म्हातारी माशी म्हणाली, “पण आता पंखच उचलत नाहीत.”

तो सगळा मध शेवटी मुंग्यांनी नेला.