राजपुत्राची पेढेतुला

फार पूर्वी एका राज्यात राजपुत्राच्या वाढदिवशी त्याची पेढेतुला व्हायची. तराजूच्या एका पारड्यात राजपुत्र, दुसऱ्यात पेढे. ते पेढे मग प्रजेला वाटायचे. राजपुत्र जितका जड, तितका दानधर्म मोठा! म्हणून राजवाड्यात जो तो त्याला भरवायचा. शिरा, तूप, साखर, वर पुन्हा तूप. आणि एवढे पेढे करायचे म्हणून महिनोन्‌महिने गावोगावचं दूध राजवाड्यात यायचं.

राणीलाही या सगळ्याचं कौतुकच होतं. पण त्या वर्षी देवळाच्या पायऱ्या चढता चढता राजपुत्र धापा टाकत खाली बसला. त्याचे ओठ निळे पडले. राणीनं लगेच वैद्यबुवांना बोलावलं.

वैद्यबुवा म्हणाले, "हे गोडधोड थांबवा, नाहीतर पोर हातचं जाईल."

राजा म्हणाला, "एवढी तुला होऊन जाऊ दे. वजन घटलं तर लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील! पोराचा जीव जातोय आणि याला लोकांची पडली होती.

तुलेच्या दिवशी राजपुत्राला पारड्यात बसवलं आणि पेढ्यांसाठी रांग लागली. रांगेतल्या एका बाईच्या कडेवर मूल होतं. हातापायांच्या नुसत्या काड्या. राणीनं त्याला उचललं, तर हाताला वजनच लागेना.

"किती वर्षांचा गं हा?"

"आपल्या राजपुत्राएवढाच, राणीसाहेब."

"अगं, मग दूध देत नाहीस का याला?"

"कुठलं दूध? ते सगळं तुलेला गेलं."

राणीच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं दुसऱ्या पारड्यातले पेढे खाली ओतले आणि ते मूल तिथं बसवलं. राजपुत्राचं पारडं जमिनीवरून हललं नाही. तिनं रांगेतलं आणखी एक मूल बसवलं. तरीही हललं नाही.

"हा काय पोरखेळ?" राजा ओरडला.

"पोरखेळ तुम्ही मांडलाय! एकाला कोंबून मारायचं, बाकीच्यांना उपाशी मारायचं, आणि वर पुण्य लाटायचं?"

"बाबा, मला उतरवा," राजपुत्र कसंबसं म्हणाला. राजा धावला. पण स्वतःचं लेकरू त्याला एकट्याला उचलवेना. तेव्हा कुठे त्याची मान खाली गेली.

तराजू मोडला. त्याच्या पारड्यांच्या पराती झाल्या आणि त्यांत गावजेवणाच्या भाकरीचं पीठ मळलं जाऊ लागलं. दूध गावातच राहिलं. राजपुत्रही पंगतीत बसून भाकरी, वरण, पालेभाजी खाऊ लागला. हळूहळू ते कडेवरचं मूल आणि तो देवळाच्या पायऱ्यांवर शिवाशिवी खेळू लागले.

तात्पर्य एवढंच: जिथं एक लेकरू खाऊन आजारी पडतं आणि दुसरं उपाशी राहून, तिथं लेकरांना बोल लावू नये, वाढणाऱ्याचा हात धरून जाब विचारावा.