शेठजींच्या नावाचे सदरे

मोखाड्याकडच्या एका पाड्यावर पावसाळ्यात घरोघरचं धान्य संपलं. अंगणवाडीच्या हिराबाई भोये मदतीसाठी दारोदार फिरून थकल्या. अखेर शहरातले रतनशेठ तांदूळ घेऊन आले, पण पोती उतरवू देईनात.

"आधी पोरांनी माझ्या नावाचे सदरे घालायचे, फोटो काढायचा. मग तांदूळ!"

उपाशी पोरं पोत्यांकडे बघत होती. हिराबाई दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "शेठ, पोरांना नाव बापाचं लावतात. तुमचं लावलं, तर ही चाळीस पोरं मोठी होईपर्यंत तुम्हीच जेवू घालायची. बोला, लावू?"

बाया पदराआड हसल्या. शेठजींनी सदरे परत गाडीत टाकले आणि पोती उतरवायला लावली.

हिराबाईंनी चूल पेटवली. तांदूळ पंधरा दिवस पुरणार होता. दुसरा दाता उद्यापासूनच शोधायचा होता.