बिनमाशांच्या टाकीत दाणे

मासे माणसांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. केरबाकाका पहिल्यांदाच डिस्कस हा काचेच्या टाकीत पाळायचा मासा घ्यायला दुकानात गेले.

"मलाच न्या," लालभडक मासा कोपऱ्यातून म्हणाला. काकांनी दाणे टाकले, पण तो आजारी असल्यासारखा हललाही नाही. साधा तपकिरी मासा मात्र दाणे खाऊन काचेपाशी आला.

"काका, घरच्या टाकीत पाणी कधी भरलंत?"

"आज सकाळी."

"मग मी नाही येत. कोऱ्या पाण्यात आमचीच घाण विष होते नि आम्ही मरतो. आमच्या फिल्टरचा जुना स्पंज त्यात ठेवा, त्यातले जिवाणू ती घाण पचवतात; ते वाढावेत म्हणून रोज चिमूटभर दाणे टाका, महिनाभर पाणी मुरू द्या."

"तोवर तुला दुसऱ्यानं नेलं तर?"

"त्यालाही हेच विचारीन."

शेजारी हसले, तरी काका बिनमाशांच्या टाकीत रोज दाणे टाकत राहिले. महिन्यानं ते दुकानात गेले, तेव्हा तपकिरी मासा लगबगीनं काचेशी आला.

"मुरलं पाणी?"

"मुरलं रे, बाळा."

"मग चला."