शास्त्रीबुवांचा पाट

वाकी नदी जिथे कोपरासारखी वळते, तिथे कवठसर नावाचं गाव आहे. तिथल्या म्हाताऱ्यांच्या आज्याच्या आज्यानेही ही गोष्ट ऐकलेलीच होती, पाहिलेली नव्हती, इतकी ती जुनी. तेव्हा नदीला पूल नव्हता, गावाला रस्ता नव्हता, आणि घरोघरी ओट्यावर पोपटाचा पिंजरा टांगलेला असे. घर कितीही गरीब असो, पिंजरा असायचाच. कारण कवठसरची माणसं पोपट हौसेनं पाळत नसत, शकुनासाठी पाळत. पोपट उलटा लटकला की पाऊस लांबणार. एका पायावर उभा राहिला की घरात कुणीतरी अंथरूण धरणार. आणि पोपट काही वेगळंच वागायला लागला, की त्रिंबकशास्त्र्यांचं दार गाठायचं.

त्रिंबकशास्त्री बारा वर्षं काशीत शिकून आलेले. तर्क, व्याकरण, ज्योतिष सगळं तोंडपाठ. पण जीव असा धास्तावलेला, की नदीवर स्नानाला निघाले तर अर्ध्या वाटेवरून परत यायचे, दाराची कडी नीट लागली का ते बघायला. एकदा नाही, तीनदा. असं म्हणतात, की त्यांच्या घरापासून नदीपर्यंतची वाट इतरांच्या वाटेपेक्षा खोल गेली होती, कारण ते ती चौपट चालायचे.

त्यांच्याकडे पोपटांची एक पोथी होती. काशीत गुरूच्या पोथीवरून त्यांनी ती स्वतःच्या हाताने उतरवून घेतली होती. पोपटाच्या चाळीस खोडी आणि त्यांची चाळीस फळं. ज्याला स्वतःच्या मनाचा भरवसा नाही, त्याला अशी पोथी फार आधार देते. मनाला विचारायचं नाही, पान उलटायचं.

एका अष्टमीला सकाळीच भिवराबाई त्यांच्या अंगणात येऊन उभी राहिली. ही सखोजीची बायको. सखोजी पानवाला गावाला माहीत होता. ओट्यावर ओल्या फडक्यात विड्याची पानं मांडून बसायचा. सात महिन्यांपूर्वी तो वारला. घरात मयत झाली की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, म्हणून भिवराबाईनं महिनाभरात मुलाचं, कोंडिबाचं, लग्न लावून टाकलं होतं.

"बुवा, आमच्या रावजीनं छातीची पिसं उपटून टाकलीत," ती म्हणाली. रावजी म्हणजे त्यांचा पोपट. "सोललेल्या कोंबडीवानी दिसतोय."

शास्त्र्यांनी पोथी उघडली. तिथे लिहिलं होतं: पिसे उपटी, तर नवे आलेले माणूस घराला भारी.

"घरात नवीन कोण आलंय?"

"दुसरं कोण येणार? सून. हौसा." भिवराबाई जरा पुढे सरकली. "अन् तिला बघितलं की मान वरखाली करतो आन् खाल्लेलं ओकतो."

ज्यास पाहून ओकी, त्याच्या हातात विष. पोथीत हेही होतं.

"अन् ती कोठीत गेली की आतनं करकर, करकर आवाज येतो. दात खातो मेला तिच्यावर."

पोपटाला दात कुठले, असं शास्त्र्यांच्या मनात आलं. पण बोट पोथीवर होतं आणि पोथीत होतं: करकर करी, तो वैऱ्यास ओळखी.

"तीन लक्षणं," ते हळूच म्हणाले.

"मग झालं तर. पुनवेला गाडी जुंपते, जाऊ दे तिला माहेरी." भिवराबाईनं पदर खोचला आणि ती गेली.

आता हौसाला माहेर असं नव्हतंच. आई नव्हती. एक भाऊ होता, आणि त्यानं पाठवणीच्या वेळीच सांगून टाकलं होतं, की बाई, आता हे दार तुझं नाही. परत पाठवलेली सून त्या काळी कुठे जायची, हे कुणी मोठ्यानं बोलत नसे.

शास्त्री पोथी बांधायला लागले आणि त्यांचे हात थांबले. वीस वर्षांपूर्वी याच पोथीवरून, याच अंगणात सांगितलेल्या शकुनापायी, गावातली एक सून परत गेली होती. तिचं नाव सगुणा. तिची गाडी शास्त्र्यांच्या दारावरून गेली. ती रडत नव्हती. तिनं नुसतं त्यांच्याकडे बघितलं होतं. असं म्हणतात, की शास्त्री कडी बघायला परत फिरायला लागले ते त्या दिवसापासून. काहीतरी उघडं राहून गेलंय, असं त्यांना वाटायचं.

त्या संध्याकाळी ते भिवराबाईच्या दारात गेले.

"पोपट बघायचाय," ते म्हणाले.

भिवराबाईला काही समजेना. "पोथीत बघितलंत की! आता पोपटात काय बघायचं?"

साठ वर्षांचं आयुष्य, चाळीस खोडींची पोथी, आणि एवढ्या काळात त्यांनी एकाही पोपटाकडे घटकाभर नीट बघितलेलं नव्हतं. हे त्यांच्या तिथंच ध्यानात आलं.

रावजी ओट्यावर नव्हता. त्याचा पिंजरा आतल्या कोठीत, धान्याच्या कणगीमागे खुंटीला टांगलेला होता. लग्नाच्या मांडवासाठी आत ठेवला, मग राहिला तिथंच, असं भिवराबाईनं सांगितलं. शास्त्र्यांनी कोठीच्या दाराशी पाट मांडला आणि ते बसले. दुसऱ्याच्या घरात शास्त्री असा बसलेला गावाने कधी बघितला नव्हता. बातमी नदीपलीकडे गेली. चावडीवर हशा पिकला. "काशीत जे राहून गेलं, ते आता भिवराबाईच्या कोठीत शिकतायत," माणसं म्हणायची.

पहिल्या संध्याकाळी काहीच घडलं नाही. रावजीनं पाठ फिरवली आणि एक पीस उपटलं. शास्त्र्यांना वाटलं, आपल्यावरच आहे. आपणही आज नवीनच आलोय की या घरात.

कोंडिबा बैल बांधून आत आला. "बुवा, मंतर घालताय व्हय?"

"नाही रे. बघतोय."

"काय दिसतंय?"

"अजून काही नाही."

"मग घरी जाऊन जेवा तरी. आमच्याकडं रोज असंच काही दिसत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नदीपलीकडच्या उंबराखाली जाऊन बसले. त्या उंबराच्या ढोलीत रानपोपट राहायचे. त्यांनी मान वर करून बघितलं. पडवळासारखी ताणून मान दुखायला लागली तरी बघितलं. संध्याकाळी पुन्हा कोठीशी पाट. सकाळी उंबर, संध्याकाळी कोठी. आणि आकाशात चंद्र रोज थोडा थोडा भरत होता. इतर वेळी शास्त्र्यांना चंद्र आवडायचा. त्या आठवड्यात त्यांना त्याच्याकडे बघवेना.

तिसऱ्या दिवशी उंबरावर त्यांनी बघितलं, की एक पोपट ढोलीतून डोकावणाऱ्या मादीसमोर आला, मान वरखाली करायला लागला, आणि खाल्लेलं वर काढून त्यानं तिच्या चोचीत भरवलं. शास्त्र्यांना पोथीतली ओळ आठवली. ज्यास पाहून ओकी. हे विष नव्हतं. हा घास होता.

चौथ्या दिवशी ते दिवेलागणीपर्यंत उंबराखालीच थांबले. पोपट परत आले, भांडले, गप्प झाले, अंग फुगवून एकमेकांना टेकले. आणि मग डोळे मिटता मिटता त्यांच्या चोचीतून आवाज यायला लागला. करकर, करकर. पोटभर खाऊन, जोडीदाराला टेकून, निर्धास्त झोपायला निघालेल्या पाखरांचा आवाज. शास्त्री धावतच भिवराबाईच्या घरी आले. म्हातारा माणूस नदीच्या गोट्यांवरून असा धावला, की पायातली वहाण पाण्यात वाहून गेली. त्या जागेला अजून वहाणेचा डोह म्हणतात.

ते कोठीशी पोचले तेव्हा हौसा आत दळणाचे दाणे काढत होती. भांडी घासून आलेली, हात ओले. शास्त्री दाराआड थबकले. हौसानं पिंजऱ्याच्या दांड्यांवर ओली बोटं झटकली, चार थेंब उडाले, आणि रावजी सरकत सरकत तिच्याजवळ आला. मान वरखाली. मग डोळे मिटले. करकर, करकर.

हौसाला चाहूल लागली आणि ती दचकली. "बुवा, मी काही केलं न्हाई," ती म्हणाली. "हात ओले असले की तो जवळ येतो. का, ते मला न्हाई ठावं. या घरात तेवढाच जवळ येतो."

म्हणजे तिच्याविरुद्धच्या तीन लक्षणांतली दोन तिच्याच बाजूची होती. पण शास्त्र्यांना आनंद झाला नाही. त्यांना भीती वाटली. वीस वर्षांपूर्वीही आपण असेच ठाम होतो. आज डोळ्यांनी बघितलं, पण डोळे तरी कुणाचे? आणि पिसांचं काय? पिसं तर तो उपटतोच आहे. उरलेल्या संध्याकाळी ते बसून राहिले, आणि पिसांचं उत्तर काही मिळालं नाही.

पुनवेची सकाळ झाली. गाडी जुंपली. हौसाचं बोचकं गाडीत पडलं. गाव गोळा झालं. शास्त्री पुढे आले.

"ओकणं आणि करकरणं, ही लक्षणं मी चुकीची सांगितली," ते म्हणाले. "पोथीत होतं म्हणून सांगितली. मी बघितलं नव्हतं."

भिवराबाई म्हणाली, "आन् पिसं? ती सून आल्यावरच उपटायला लागला. का उपटतो, सांगा."

"मला माहीत नाही."

असं म्हणतात, की कवठसरमध्ये कुणा शास्त्र्यानं हे तीन शब्द चारचौघांत उच्चारण्याची ती पहिली वेळ. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. भिवराबाईनं गाडीवानाला खूण केली.

"पिंजरा एकदा ओट्यावर आणा," शास्त्री म्हणाले. "पहिल्यासारखा. तेवढं होऊ दे, मग जाऊ दे गाडी."

"पिंजरा नगं," भिवराबाई झटकन म्हणाली. इतकी झटकन, की कोंडिबानं आईकडे वळून बघितलं. मग तो आत गेला आणि पिंजरा घेऊन आला. जुन्या कडीला लावला. खाली सखोजीचं फडकं अंथरलं, त्यावर पानमळ्यातली चार पानं ठेवली. रावजी उन्हात डोळे मिचकावत बसला. छाती उघडी, कातडी लाल.

काहीच झालं नाही. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. एक बैल खुरानं माती उकरायला लागला. शास्त्र्यांना वाटलं, घरी जावं, कडी बघावी. पण ते हलले नाहीत.

तेवढ्यात रावजीनं मान तिरकी केली, पानांकडे बघितलं, आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी हाक मारली:

"भिवरे! पाणी आण!"

तो आवाज सखोजीचा होता. तंतोतंत तोच, तंबाखूनं जरा खरखरलेला. सखोजी रोज सकाळ-संध्याकाळ असाच हाक मारायचा, आणि भिवराबाई तांब्या घेऊन यायची, आणि तो पानांवर पाणी शिंपडायचा, आणि वरच्या पिंजऱ्यातला पोपट त्या तुषारांत भिजून पंख झाडायचा. गावानं हे हजारदा बघितलं होतं. बघून विसरलं होतं.

भिवराबाई मटकन खाली बसली. "तेरावं पण झालं नव्हतं वो," ती म्हणाली, "आन् हा हाका मारायचा. पहाटे मारायचा, तिन्हीसांजा मारायचा. मी तांब्या घेऊन उठायची, आन् ओट्यावर कुणी न्हाई. किती दिस उठू? मांडवाचं निमित्त केलं आन् टाकला अंधारात."

पुन्हा हाक आली. "भिवरे! पाणी आण!"

मग ती उठली. आत गेली, तांब्या भरून आली. घाईत अर्धं पाणी वाटेतच सांडलं. उरलेलं तिनं पानांवर शिंपडलं. रावजीनं पंख पसरले. असं म्हणतात, की त्या चार थेंबांतून असे तुषार उडाले, की अंगणातला प्रत्येक माणूस भिजला, बैल भिजले, गाडीतलं बोचकं भिजलं, आणि ओलं बोचकं घेऊन सुनेला कसं पाठवायचं, म्हणून भिवराबाईनंच ते उतरवून वाळत घातलं.

दीड महिन्यात रावजीच्या छातीवर पिसं आली. आधीपेक्षा दाट आली. त्यातलं एक सोन्याचं होतं असं म्हणतात. कुणी म्हणतं, नुसतं पिवळं होतं.

पण शास्त्र्यांचं एवढ्यानं भागलं नाही. ते तीन दिवस चालत सगुणाच्या गावाला गेले. ती एका ओसरीवर शेंगा सोलत होती. केस पांढरे झालेले. त्यांनी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"बरं झालं, बघितलंत," ती म्हणाली. "पण बुवा, तवा माझ्याकडं बघितलं असतंत तरी चाललं असतं. पोपट कशाला पायजे होता?"

तिनं त्यांना पाणी दिलं आणि बसायला पाट दिला. ते सात संध्याकाळी त्या पाटावर बसले, काही न बोलता. आठव्या दिवशी सगुणा म्हणाली, "आता जावा. हा पाट घेऊन जावा." क्षमा केली असं ती म्हणाली नाही. कवठसरची माणसं गोष्ट सांगताना हे कधी बदलत नाहीत.

परत आल्यावर त्यांनी पोथीतल्या प्रत्येक खोडीपुढे लिहिलं: पाहिलं नाही. मग उरलेलं आयुष्य ते घरोघरी पिंजऱ्यांसमोर तो पाट मांडून बसले, आणि पाहून झालं की त्या खोडीपुढचा 'नाही' खोडत गेले. असं म्हणतात, की ते इतके निश्चल बसायचे, की रानपोपट त्यांच्या खांद्यावर झोपून जायचे आणि त्यांच्या कानाशी रात्रभर करकर चालायची. आणि ते गेले त्या दिवशी नदीपलीकडचा, तोवर वठून गेलेला उंबर खालपासून वरपर्यंत हिरवा दिसला. पानं नव्हती ती.

आता कवठसरात पिंजरे नाहीत. पण प्रत्येक ओट्यावर एक रिकामा पाट भिंतीला टेकवून ठेवलेला असतो, आणि त्याला शास्त्रीबुवांचा पाट म्हणतात. लेकरू जेवेना, गाय दूध चोरायला लागली, घरातली बाई अचानक गप्प झाली, की कुणी कुणाला दोष द्यायचा नाही. घरातल्या मोठ्या माणसानं तो पाट मांडायचा आणि सात संध्याकाळी समोर बसून बघायचं. तोंड उघडायचं ते आठव्या दिवशी.

आणि पाटावर बसण्याआधी दाराची कडी तीनदा बघून यायची. का, ते आता तिथल्या पोरासोरांना ठाऊक नाही. पण बघून येतात.