पाठमोऱ्या नऊ जणी

"बाईंचा शापच होता म्हणे. म्हणून ह्या फोटोतल्या एकीचंही लग्न..." एवढंच माझ्या कानावर पडलं आणि नेमका लाउडस्पीकर खरखरला. पुढच्या सामन्याचे संघ बोलावले, बोलणारी पाहुणी आपल्या मुलीची पाण्याची बाटली शोधायला लागली आणि वाक्य तिथंच राहिलं.

आमच्या माळझरीच्या महिला महाविद्यालयात आंतरमहाविद्यालयीन सामने भरले की बाहेरगावचे पालक हमखास त्या व्हरांड्यात थांबतात. भिंतीवर सॉफ्टबॉल संघाचे फोटो ओळीनं लावलेले आहेत आणि प्रत्येक फोटोत मुली पाठमोऱ्या आहेत. नऊ पाठी, नऊ वेण्या, अलीकडच्या फोटोंत पाठीवर आकडे. चेहरा एकीचाही नाही. फक्त पहिल्या फोटोत पाठींच्या पलीकडून एक चेहरा दिसतो. सुती पातळ, गळ्यात शिट्टीची दोरी, कपाळाला आठ्या आणि ओठ जरासे उघडे. त्या काळमेघबाई. ह्या भागात मुलींचा सॉफ्टबॉल त्यांनी आणला.

अर्धं ऐकलेलं पोटात ठेवणं मला जमत नाही. शिवाय ही पाहुणी आणि तिची सोबतीण, ह्या दोघी आपल्या गावी जाऊन ते वाक्य आपल्या मनानं पुरं करणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी त्यांना कडुनिंबाखाली बसवलं आणि जे सांगितलं तेच इथं लिहिते आहे. काळमेघबाई माझ्या शेजारच्या. मधे कमरेएवढी भिंत, तिच्यावरून विरजण, मेथीची जुडी आणि गावाच्या बातम्या इकडून तिकडे जायच्या. त्यामुळं काही मी पाहिलेलं आहे आणि काही लोक सांगतात ते.

बाई इथं आल्या तेव्हा हे मैदान म्हणजे जिनिंगच्या मागचा उघडा माळ होता. वाऱ्यानं कापसाचे पुंजके उडायचे, पायात गोखरू रुतायचे. बाईंनी मुलींना बरोबर घेऊन ते गोखरू उपटले. हातमोजे मिळेनात म्हणून पोत्याच्या कापडात कापूस भरून शिवले. कॅचरच्या तोंडावरची जाळी कूलर बनवणाऱ्यानं करून दिली, ती इतकी जड की पोरगी मान वाकवूनच चालायची. एवढं सगळं जमलं. जमेना ते एकच. ह्या खेळाला नऊ जणी लागतात, आणि बाईंच्या नऊ जणी वर्षाच्या शेवटापर्यंत कधी टिकल्या नाहीत.

पावसाळ्यानंतर सराव सुरू व्हायचा तेव्हा बारा-तेरा असायच्या. दिवाळी झाली की स्थळं यायला लागायची. एकीची सुपारी फुटायची, दुसरीला मामा घेऊन जायचा, तिसरीच्या घरी उन्हानं पोरगी काळी पडली म्हणून रडारड व्हायची. बाई घरोघर जायच्या. परीक्षा होऊ द्या म्हणायच्या, तेवढा सामना होऊ द्या म्हणायच्या. लोक त्यांना चहा द्यायचे, मान द्यायचे आणि पोरगी द्यायचे नाहीत. परत आल्या की बाई अंगणात घागर अशी आपटायच्या की मला भिंतीपलीकडं कळायचं, आज कोणाचं ठरलं असणार. मुली मोजायची त्यांना सवयच लागली होती. एसटीत, पंगतीत, प्रार्थनेला, कुठंही त्यांचे ओठ हलत असायचे.

मग एका वर्षी संघानं विभागाची ढाल जिंकली. बाईंना वाटलं, आता लोकांना अभिमान वाटेल असं काहीतरी करावं. त्यांनी नामदेवराव फोटोवाल्यांना बोलावलं, मुलींना चांगले कपडे घालायला लावले, ढाल मधे ठेवून झकास फोटो काढवला आणि प्रत्येकीच्या घरी एक एक प्रत पाठवली. नामदेवरावांनाही तो इतका आवडला की त्यांनी मोठा करून आपल्या दुकानाच्या काचेत लावला. आणि त्यांचं दुकान बसस्टँडसमोर.

पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. गाडीची वाट बघणारा प्रत्येक माणूस त्या काचेसमोर उभा राहायला लागला. तरण्याताठ्या नऊ पोरी, ओळीत, हसऱ्या, आणि कोणाची कोण ते नामदेवराव आनंदानं सांगणार. डावीकडून तिसरी कोणाची, ती मधली उंच कोणाची. इतकी स्थळं माळझरीत आधी कधी आली नव्हती असं सांगतात. बाईंच्याच हौसेनं बाईंचा संघ रिकामा केला. अंतिम सामन्याला त्या आठ जणी घेऊन गेल्या, पंचांनी मोजल्या आणि एकही चेंडू न टाकता सामना दुसऱ्यांना देऊन टाकला.

परत आल्यावर प्राचार्यांनी बाईंना सांगितलं की पुढच्या वर्षीही शेवटच्या सामन्यात संघ उभा राहिला नाही तर हा खेळ बंद, आणि मैदानावर सायकल स्टँड होईल. जिंकायची अट नव्हती. नऊ जणी उभ्या राहायची अट होती.

त्या दिवशी बाईंनी म्हणे मैदानातली माती मुठीत घेतली आणि नवस बोलावा तसं बोलल्या, की अंतिम सामन्यात नऊ जणी उभ्या केल्याशिवाय मी माझ्या एकाही मुलीच्या लग्नात अक्षता टाकणार नाही. माती घेतलेली मी पाहिली नाही. पण त्या लग्नाला जायच्या, आहेर करायच्या, आणि अक्षता तशाच रुमालात बांधून घरी आणायच्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. शापाची गोष्ट तिथूनच निघाली. मांडवात सगळ्यांचे हात वर आणि एका बाईची मूठ बंद, लोक काय म्हणणार?

दुसऱ्या वर्षी वार्षिक अंकासाठी पुन्हा फोटोचा हुकूम आला. नामदेवराव काळं कापड डोक्यावर घेऊन तयार, मुली वेण्यांना रिबिनी लावून तयार. बाई आल्या आणि मुलींना म्हणाल्या, पाठी फिरा. नामदेवरावांना वाटलं, रिबिनी दाखवायच्या असतील. मग त्यांच्या लक्षात आलं.

"अहो बाई, पण चेहरा?"

"चेहरा मैदानात आहे. ज्याला बघायचा त्यानं सामन्याला यावं. तिकीट नाही."

असं म्हणून बाई मुलींच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सवयीनं मोजायला लागल्या. नामदेवरावांनी तेवढ्यात बटण दाबलं. म्हणून त्या फोटोत बाईंचे ओठ उघडे आहेत.

तो फोटोही काचेत लागला. लोक हसले, चिडले, बाईचं डोकं फिरलं म्हणाले. पण चेहरे बघायला म्हणून लोक मैदानाकडे फिरकायला लागले. त्या वर्षीचा अंतिम सामना आपल्याकडेच होता, आणि त्याला जी गर्दी झाली तशी फक्त दसऱ्याला होते. अर्धी गर्दी पोरी बघायला आलेली. सातव्या, म्हणजे शेवटच्या डावापर्यंत त्यातले पुष्कळ जण पोरी विसरून धावा मोजत होते, असं सांगतात.

इथपर्यंत गोष्ट सगळे सारखीच सांगतात. पुढं मात्र लोक फार गोड करून सांगतात. म्हणजे नऊ जणी उभ्या राहिल्या, आपण जिंकलो, आणि त्या फोटोपासून खेळाच्या हंगामात स्थळ आलं नाही. तसं झालेलं नाही. मी तिथं होते.

कॅचर होती कोकिळा इंगोले, उकंडरावांची मोठी मुलगी. आदल्या वर्षीच्या फोटोत उजवीकडून दुसरी. तिला त्या फोटोवरूनच एक स्थळ आलं होतं, जमीनजुमला बरा, मुलगा नोकरीत, आणि बघायचा दिवस ठरला तो नेमका सामन्याचा. बाई उकंडरावांकडे गेल्या. फक्त दिवस बदला म्हणाल्या.

"पाहुण्याले येऊ नका कसं म्हनू, बाई? पोरीचा बाप आहो मी."

शेवटी बाईच म्हणाल्या की पाहुण्यांना मैदानावरच आणा, सामना झाला की दाखवू. उकंडराव कसेबसे तयार झाले. त्यांनी मैदानाच्या कडेला सतरंजी टाकली, घरून पोहे आणवले. मुलाची आत्या मुख्य, तिच्या होकारावर सगळं. ती छत्री घेऊन बसली. चार डाव बसली, पाच डाव बसली. सहाव्या डावात तिनं निरोप पाठवला की आमची गाडी निघेल, मुलगी समोर आणा, दोन पावलं चालून दाखवू द्या, नाव-गाव विचारू आणि जाऊ.

उकंडराव स्वतः बाईंकडे आले. हात जोडले. त्या माणसानं कधी कोणापुढं हात जोडलेले मी पाहिले नव्हते. बाईंचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता पोरीला पाठवतील. त्यांनी मैदानाकडे बघितलं, त्यांचे ओठ हलले, आणि त्या हळूच बोलल्या, "ती उठली तर आठ राहतात हो, उकंडराव."

कोकिळा घरच्या बेसमागं बसली होती. ऐकू गेलं असणारच, इतकी काही लांब नव्हती. तिनं जाळी नीट केली आणि हातमोजा पुढं धरला. आत्यानं छत्री मिटली. पोहे ताटात तसेच राहिले.

सामना आपण एका धावेनं हरलो. खोटं वाटत असेल तर ऑफिसबाहेरच्या कपाटात बघा, त्या वर्षीची ढाल उपविजेत्यांची आहे. पण नऊ जणी शेवटपर्यंत उभ्या होत्या. प्राचार्यांनी शब्द पाळला, सायकल स्टँड दुसरीकडे गेलं. पुढं बाईंनी बाकीच्या आठही जणींच्या लग्नात अक्षता टाकल्या. मी प्रत्येक मांडवात त्यांच्या बाजूला होते, कोणाकडं मठ्ठा आंबट होता तेही सांगू शकते. स्थळं थांबली नाहीत, फक्त सामन्यानंतर यायला लागली. फोटोनं तेवढंच केलं.

कोकिळाचं मात्र मोडलं, आणि मोडलं ते मोडलंच. मैदानावर पाहुण्यांचा अपमान झाला अशी बोंब झाली, मग कोणी विचारलं नाही. उकंडराव बाईंशी पुन्हा बोलले नाहीत. बाई दर दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचं ताट पाठवायच्या आणि ते रुमालानं झाकलेलं तसंच परत यायचं. मग चकल्या भिंतीवरून माझ्याकडे. मी त्या डब्यात भरून ठेवायची, नाही म्हणायची हिंमत नव्हती. "माझं नऊचं गणित बरोबर आलं आणि त्या माणसाचं घर चुकलं," असं त्या एकदा म्हणाल्या. पुढं उकंडराव गेले, मग बाईही गेल्या. कोकिळाच्या वाटच्या अक्षता रुमालातच राहिल्या.

एवढं सांगून होईतो सामना संपला. त्या दोघींपैकी धीट होती तिनं मला विचारलं, मग ती कोकिळा आहे कुठं? मी मैदानाकडे बोट केलं. आता आमच्या संघाची ती कोच आहे. केस पिकलेत, त्यामुळं उन्हात उभी राहिली की वीस मुलींत वेगळी ओळखू येते. पाहुणी सरळ तिच्याकडे गेली आणि शापाचं विचारून बसली. मी मागोमाग होतेच.

कोकिळा हसली नाही, रागावली पण नाही. चेंडू पिशवीत भरता भरता म्हणाली, "शाप कसला, ताई. बघायला आल्या होत्या, मी सहा डाव समोरच होते. चालून दाखवा म्हणत होत्या, मी धावून दाखवलं. तरी त्यांना दिसलं नाही, त्याला बाई काय करतील?"

तेव्हा पाहुण्यांनो, ते वाक्य नऊ जणींमधे एकीपुरतं खरं आहे. तेही शापामुळं नाही.

आजही आमच्या संघाचा फोटो पाठमोराच निघतो. मोबाईल आल्यापासून त्याला काही अर्थ उरलेला नाही. पोरींचे चेहरे आधीच गावोगाव पोचलेले असतात, आणि स्थळं पुन्हा हंगामातच यायला लागली आहेत. तरी फोटोवाला आला की कोकिळा मुलींना पाठी फिरा म्हणते आणि बाजूला होण्याआधी त्यांच्या समोर जाऊन उभी राहते. तिचेही ओठ हलतात. यंदा ते दोनदा हलले. मग तिनं फोटोवाल्याला हात करून थांबवलं आणि गेटाकडे बघत उभी राहिली.