नावाड्याची झोप

फार फार वर्षांपूर्वी, सूर्य माथ्यावर यायला बरोबर दोन घटका उरल्या होत्या, तेव्हा एका नदीत मोठी गंमत सुरू झाली.

नवरीकडचं वऱ्हाड नावेतून पलीकडच्या गावी निघालं होतं. गाण्यांच्या नादात कुणाचंच बाहेर लक्ष नव्हतं. नाव काठाला लागली, मंडळी वाजतगाजत उतरली. बघतात तर काय, समोर त्यांचीच गाय रवंथ करत बसलेली! नाव फिरून पुन्हा आपल्याच काठाला आली होती.

सगळे खो खो हसले. हसला नाही तो नावाडी.

नवरीचा मामा ओरडला, "काय रे, ताडी ढोसून आलास की काय? मुहूर्त टळला तर उद्यापासून नाव दुसऱ्याच्या हाती देऊ!"

ताडीचा थेंबही नावाड्याने घेतला नव्हता. गेल्या पावसाळ्यापासून त्याचा उजवा खांदा ठणकत होता. या कुशीवर वळावं तर कळ, त्या कुशीवर वळावं तर कळ. जरा डोळा लागला की ठणका उठवी, आणि झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी ठणका आणखी वाढे. बायको विचारी, "अहो, झालंय तरी काय?" तो म्हणे, "काही नाही गं." दुखतंय म्हटलं तर नाव जाईल, ही भीती. आज वल्हवता वल्हवताच त्याला डुलकी लागली होती.

नवरी अजून नावेतच बसून होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही डाव्या हातानेच ओढत होता. उजवा नुसता ठेवलेला. मग नाव फिरणार नाही तर काय? दुखतोय ना?"

नावाड्याचे डोळे भरले. "दुखतोय गं पोरी. झोपच नाही बघ."

"मग आधी बोलायचं की!" नवरीने पदर खोचला आणि उजवं वल्हं धरलं.

मामा किंचाळला, "अगं, नवरी ना तू?"

"मुहूर्त गाठायचाय ना, मामा? मग बसा गुमान!"

नवरीच नाव वल्हवत येतेय म्हटल्यावर पलीकडच्या काठावर एकच जल्लोष झाला. नवरदेव तर टाळ्याच पिटायला लागला. मुहूर्त साधला.

मांडवातच ठरलं, उजव्या वल्ह्याला रोज गावातलं कुणीतरी बसेल, नाव मात्र नावाड्याचीच. घरी बायको गरम वाळूने खांदा शेकू लागली. दुखणं पुरतं गेलं नाही, पण उतरलं. आणि झोप आली. अशी आली की तो घोरायलाच लागला. बायको हसत म्हणे, "आता मी कुठं झोपू?"

ध्यानात ठेवायचं ते इतकंच: मुकाट सोसलेलं दुखणं झोपही खातं, बोलून दाखवलेलं दुखणं वाटून घेता येतं.

तुमच्याही घरात कुणी मोठं माणूस "काही नाही" म्हणत कूस बदलत असेल. त्याला ही गोष्ट सांगा, आणि म्हणावं, तूही आणखी एकाला सांग.