गाठ कुठून आली

"पण ती आली कुठून, बाबा?"

दंडवत घालायच्या आधीच नीरजानं विचारलं. याच प्रश्नानं तिच्या डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. तिची सहा वर्षांची लेक रेवा शेजारी खांबाला टेकून उभी. खेळताना पडली म्हणून सोनोग्राफी केली, तर पोरीच्या यकृतावर चरबीची गाठ दिसली.

मठातले मुरलीधरबाबा नुकतेच भिक्षेहून आले होते. झोळी अजून खांद्यावरच.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"काही धोका नाही म्हणाले. कापायची नाही, औषध नाही. सगळं खाऊ द्या."

"मग?"

"मग काय, बाबा! यकृतावर अशी गाठ सहसा नसतेच. एक डॉक्टर म्हणतो, आतड्यापाशी असलेल्या चरबीचा तुकडा सुटला, तिथं जाऊन चिकटला. दुसरा म्हणतो, पोटात असतानाच भलत्या जागी राहिलेल्या पेशी. तिसऱ्यानं नुसते खांदे उडवले. आणि सासूबाई म्हणतात, दिवस गेले तेव्हा तू वाटीवाटी तूप खाल्लंस!"

"खाल्लंस?"

"...खाल्लं."

बोलून तिला स्वतःचीच चीड आली. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली ती, त्या तुपाचा या गाठीशी संबंध नाही, हे तिला काय कळत नव्हतं? तरी गाठ दिसली त्या दिवसापासून रेवाच्या ताटात तेलातुपाचा थेंब पडला नव्हता.

बाबांनी तिच्यापुढे परात ओढली आणि झोळी उपडी केली. भाकरी, भात, पिठलं, कुणाकडची पुरणपोळी... सगळं एकमेकांत.

"निवड. कुठला घास कुठल्या घरचा?"

"हे कसं सांगणार? आणि भिक्षेचं घर विचारायचं नसतं, तुम्हीच शिकवता ना?"

"मी नाही विचारत. तू विचारतेस. निवड!"

तीही इरेला पेटली. पदर खोचून खरंच निवडायला बसली. पिवळा भात इकडे, पांढरा तिकडे. पिठलं कुणाचं... भाकरी कुणाची...

रेवाचा हात हळूच पुरणपोळीकडे गेला.

नीरजानं तो फटकन उडवला. "तूप आहे त्याला!"

"बास!" बाबा एवढ्या जोरात ओरडले, की ओसरीवरची कबुतरं उडाली.

नीरजाचा हात परातीतच थांबला.

बाबा पोरीसमोर उकिडवे बसले. आवाज मात्र अजून तापलेलाच.

"रेवाताई, तुझ्या पोटात काय आहे गं?"

रेवानं आईकडे बघितलं. या प्रश्नाचं उत्तर आजवर आईच देत आली होती.

"भूक," रेवा म्हणाली.